उशाशी चालणारा

आटपाट नगर नव्हतं, राजा नव्हता, राणी नव्हती. डोंगरांच्या खोबणीत एक नदी होती. नदीकाठी एक मठ होता आणि मठाचा एक दवाखाना होता. मठात दौलतबुवा नावाचे गोसावी राहायचे. दवाखाना त्यांचा शिष्य विश्राम डॉक्टर सांभाळायचा. आणि त्याच दवाखान्यात, बायकांच्या खोलीत, डॉक्टरची बायको कमळजा गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये उताणी पडलेली होती. पाठीच्या कण्याला क्षय लागला होता तिच्या. मुलगी बकुळ आजोळी वाढत होती. पोर चालायला लागली, बोलायला लागली, पण आईच्या कडेवर काही ती बसली नव्हती.

खाली धरण बांधलं होतं. पाणी चढत होतं.

आणि विश्राम बुवांपुढं उभा राहून विचारत होता, "पण बुवा, माणूस मेला कशानं?"

बुवा भिजवलेले वाल सोलत बसले होते.

"कोण मेला?"

"रावजी गाडीवान. काल. अर्ध्या वाटेत."

"डॉक्टर तू की मी?"

"मी. म्हणून तर विचारतोय. मला कळत नाही."

बुवांनी एक वाल सोलला. साल एका बाजूला टाकली, डाळिंबी दुसऱ्या बाजूला.

"बैस," ते म्हणाले.

विश्राम बसला नाही. त्याला बसवेना. तो सांगत सुटला...

दवाखाना पाण्यात जाणार, हे ठरलेलं होतं. वर पठारावर नवी इमारत उभी राहिली होती. चुन्याचा वास अजून जायचा होता, पण खाटा मांडून झाल्या होत्या. मोटारीचा रस्ता सगळ्यात आधी बुडाला. राहिली ती पायवाट. ओस गावातून, चिंचेखालून, घाटाच्या वळणांनी वर जाणारी.

त्या वाटेनं सगळे रोगी वर न्यायचे होते. कुणाची छाती पोखरलेली, कुणाचा कणा. धक्का बसला तर संपलं.

विश्राम हुशार होता. आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

त्यानं जत्रेत देवाची पालखी वाहणारे भोई बोलावले. त्यांची चाल सगळ्यांत सपाट. बांबूला जाड कापड बांधून डोल्या शिवून घेतल्या. डोलीत वाळूचं पोतं ठेवलं, पोत्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला, आणि भोयांना पठारावर पाठवलं.

"एक थेंब सांडला नाही, बुवा! एक थेंब!"

"बरं."

"ऊन लागू नये म्हणून चादर हनुवटीपर्यंत. भोयांना सक्त ताकीद, वाटेत एक शब्द काढायचा नाही. बोललं की पाऊल चुकतं. आणि रोग्याला शांतता लागते."

"बरं."

"पहिला म्हणून रावजीला नेला. तो सगळ्यांत ठणठणीत. आता घरीच जायचा होता तो. डोलीत चढताना हसत होता. भोयांना म्हणाला, 'माझ्या बैलांना कळू देऊ नका रे, गाडीवान दुसऱ्याच्या खांद्यावरनं चाललाय ते.' मी पुढं चालत होतो. वर पोचलो, डोली टेकवली, तर..."

"तर?"

"डोळे उघडे. नाडी नाही. रक्त नाही, धाप नाही, घाम नाही. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. मी जशी पांघरली होती, तशीच."



बाहेर विहिरीत पाणी डुचमळलं. त्या दिवसांत विहिरीला रहाट लागत नव्हता. पाणी आपोआप वर आलं होतं. वाकलं की हात बुडायचा. कुणीच ते पाणी पीत नव्हतं. का, ते कुणी बोलत नव्हतं.

"आणि आता," विश्राम म्हणाला, "कुणी डोलीत चढायला तयार नाही. अंबूबाईनं पदराची गाठ खाटेच्या पायाला मारलीय. म्हणते, 'ने मला, पण खाटेसकट ने.' पुरुषांच्या खोलीत सगळे भिंतीकडं तोंड करून पडलेत. आणि कमळ..."



"कमळजा काय म्हणते?"

"म्हणते, 'अहो, मला इथंच राहू द्या. पाणी निदान हळू तरी येतंय.'"

बुवांनी हातातला वाल खाली ठेवला.

"त्या पोत्यात वाळू होती ना?"

"होती."

"वाळू घाबरली का?"

"वाळू कशाला घाबरेल, बुवा?"

"मग आता माणूस घालून बघ."

"माणूस घातला ना! रावजी घातला! तोच तर मेला!"

बुवांनी बोट उचललं. विश्रामच्या छातीवर टेकवलं.

"तू झोप," ते म्हणाले.

...

दुपार कलली होती. विश्राम डोलीत आडवा झाला.

भोयांमधला म्होरक्या खंडू. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही धडधाकट माणूस. उगाच आम्हाला ओझं."

"नियम तोच," विश्राम म्हणाला. "बोलायचं नाही."

त्यानं स्वतःच चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. डोली उठली. चौघांच्या खांद्यावर गेली.

पहिल्यांदा बरं वाटलं. खरंच, चाल सपाट होती. आपणच आखलेली ती चाल. विश्राम मनात हसला.

मग ओसरीचं छप्पर मागं गेलं आणि नुसतं आभाळ राहिलं.

पायाकडच्या दोघा भोयांच्या डोक्यावरची मुंडाशी तेवढी दिसत होती. उशाकडचे दोघे तर दिसतच नव्हते. त्यांचा श्वासही ऐकू येत नव्हता, इतके कसलेले होते ते.

आभाळ सरकत होतं. आपण सरकतोय की ते, कळेना.

गाव आलं असावं. दोन्ही बाजूंना घरांच्या वरच्या कडा दिसू लागल्या. माणसं जाताना दारं, चौकटी, खिडक्या, वासे सगळं काढून घेऊन गेली होती. भिंतींना नुसती भोकं राहिली होती. एका भोकातून दिवा ठेवायचा कोनाडा दिसला. काजळी अजून ओली असावी तशी काळी.

कुत्रं भुंकलं नाही. कोंबडं नाही. खाली कुठंतरी पाणी घराच्या उंबऱ्याला लागत होतं... चपक... चपक...

विश्रामला वाटलं, विचारावं, कुठं आलो? मग आठवलं, आपणच बंदी घातलीय.

त्यानं हात हलवून बघितला. चादर पोटापाशी घट्ट खोचलेली होती. त्यानंच शिकवलं होतं तसं खोचायला, घसरू नये म्हणून.

आभाळ सरकत होतं.

मला कुठं नेतायत?

हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. पठारावर नेतायत. नव्या इमारतीत. माझीच आखणी.

पण हसू गळ्यापर्यंत आलंच नाही. तिथं दुसरंच काही बसलं होतं.

चौघंजण. खांद्यावर. अंगावर पांढरी चादर. तोंडातून शब्द नाही. आणि वर नुसतं आभाळ...

त्याची छाती धडधडायला लागली. कानात धबधबा. बोटं गार. डॉक्टर होता तो, त्याला कळत होतं काय चाललंय. कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

आणि तेव्हा त्याला पावलं ऐकू आली.

भोयांची नव्हेत. भोयांची पावलं एका तालात पडत होती. ही वेगळी होती. उजव्या कानाशी, अनवाणी, जरा फरपटत येणारी. ओली.

कपाळावर कुणीतरी हात ठेवला. गार हात. तळवा खरखरीत, दोरीनं घासलेला.

"चिंच आली बघ," आवाज म्हणाला. "सावली येईल. सावलीला घाबरायचं नाही."

सावली आली. गेली.

"आता चढ. डोकं जरासं खाली जाईल. जाऊ दे. हळू राजा, हळू..."

विश्रामनं मान वळवायचा प्रयत्न केला. कपाळावरचा हात हलला नाही.

"आता वळण. मग फरशी. फरशीवर पाण्याचा आवाज येतो, तो झऱ्याचा. ते खालचं पाणी नव्हे. ते इथवर येत नाही... हळू राजा."

छाती शांत झाली. श्वास खाली बसला. विश्रामनं डोळे मिटले आणि लहानपणी मठात बुवांच्या घोंगडीवर निजायचा तसा तो निजला.

...

डोली खाली टेकली. चुन्याचा वास आला. पठार.

विश्राम उठून बसला. उजवीकडं बघितलं.

"माझ्या उशाशी कोण चालत होतं?"

भोई एकमेकांकडं बघायला लागले.

"कुणी नाही, डॉक्टर."

"अरे, बोलत होता ना सगळी वाट! वाट सांगत होता!"

खंडूनं मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं.

"बोलत होतं खरं," तो म्हणाला. "पण... तुम्हीच बोलत होतात."

"मी?"

"चिंच आली, वळण आलं, हळू राजा. म्हटलं, डॉक्टर आम्हाला सांगतायत. पण..."

"पण काय? बोल ना!"

"आवाज तुमचा नव्हता, डॉक्टर."

विश्राम हसला. कुणी त्याच्याबरोबर हसलं नाही. मग तोही थांबला.

डोलीजवळच्या नव्या फरशीवर, उशाच्या उजव्या अंगाला, एक ओला डाग होता. बघता बघता वाळला.

...

तो धावतच खाली आला. बुवांचे वाल सोलून झाले होते. ते पाण्याकडं तोंड करून बसले होते.

"बुवा, रावजी होता!"

"होय?"

"त्याचाच हात! कासऱ्यानं घासलेला! बैलांना बोलायचा तसंच बोलत होता!"

"काय मागत होता?"

"काही नाही. वाट सांगत होता."

"तुला?"

"मला."

बुवांनी पाण्यावरची नजर काढून त्याच्याकडं पाहिलं.

"आणि त्याला कुणी सांगितली होती?"

विश्राम इतका वेळ उभा होता. आता बसला. खाली, सालींच्या ढिगाशेजारी. दोन्ही हातांत तोंड घालून बसला.

बुवांनी त्याला उठवलं नाही, समजावलं नाही. उठून आत गेले आणि चूल पेटवली.

...

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात सगळं उलटं झालं.

डोल्या त्याच, भोई तेच, चाल तीच. पण चादर कमरेपर्यंतच. हात मोकळे. आणि प्रत्येक डोलीबरोबर रोग्याच्या घरचा एक माणूस उशाशी चालणार, रोग्याला त्याचं तोंड दिसेल असा. त्यानं गप्प बसायचं नाही. कुठं आलो, पुढं काय आहे, ते सांगत जायचं.

"काय सांगू?" एका रोग्याच्या भावानं विचारलं. "मला बोलता येत नाही फारसं."

"दगड आला की दगड म्हण," विश्राम म्हणाला. "झाड आलं की झाड म्हण."

पण डोलीत पहिलं कोण चढणार? सगळ्या खोलीचं लक्ष एका खाटेकडं लागलं होतं. डॉक्टर स्वतःच्या बायकोला नेतो का, हे बघायचं होतं त्यांना. त्यांचं काही चुकत नव्हतं.

विश्राम कमळजाच्या खाटेशी गेला.

"कमळ, चलायचं."

ती छताकडं बघत होती. तिला दुसरीकडं बघताच येत नव्हतं.

"रावजी इथून बाहेर पडला तेव्हा मी त्याचा आवाज ऐकला," ती म्हणाली. "हसत होता. मग आवाज बंद झाला. दाराबाहेर जाताच बंद झाला, अहो. कुणीतरी दिवा मालवावा तसा."

"मीच बंद केला तो."

विश्राम खाटेच्या कडेवर बसला.

"आज नाही बंद करणार. मी तुझ्या उशाशी चालतो."

"तुम्ही? तुम्हाला घरी दोन शब्द बोलायला वेळ नसायचा."

"आज आहे."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "बकुळला सांगा, आई स्वतःहून डोलीत चढली म्हणून. तुम्ही चढवली असं नका सांगू."

डोली उठली.

विश्राम बोलायला लागला. ओसरी संपली. ही विहीर. ही पायरी. हे सुताराचं घर, दार नाही त्याला. हे कासाराचं घर, त्याच्या भिंतीवर पोरांनी कोळशानं हत्ती काढलाय, सोंड आखूड आहे.

"आखूड का?" कमळजा म्हणाली.

"भिंत संपली म्हणून."

ती हसली. प्लास्टरमध्ये हसता येत नाही, पण डोळे हसले.

पाणी कालपेक्षा जवळ आलं होतं. वाटेला लागूनच. हलत नव्हतं. आरशासारखं पडून होतं, आणि त्यात ओस घरं उलटी उभी होती. विश्रामला दिसलं, त्या उलट्या घरांना दारं होती. सगळ्यांना. बंद.

त्यानं मान फिरवली.

आणि चिंच आली.

तिथंच. तिथंच रावजी गेला असणार, त्याला आत्ता कळलं. सावलीचा गारवा अंगावर आला आणि विश्रामचा घसा आवळला. तोंड उघडलं, आवाज नाही. पुन्हा उघडलं. आवाज नाही.

कमळजाचे डोळे मोठे झाले. त्याच्या तोंडाकडं बघत होती ती. त्यानं तिचं मनगट धरलं. नाडी बारीक, धावती. सुटायला आलेली.

भोई चालत होते. आभाळ सरकत होतं.

बोल, विश्राम. बोल.

आवाज नाही...

मग तिची नजर त्याच्या तोंडावरून सुटली. जराशी बाजूला गेली. त्याच्या खांद्यापलीकडं.

"कळलं," कमळजा म्हणाली. "आता वळण. मग फरशी."

विश्रामचे ओठ हललेसुद्धा नव्हते.

"आणि तो आवाज झऱ्याचा. बरं."

बोटांखाली नाडी सावकाश झाली. भरली. विश्रामला मागं वळून बघायचं होतं. त्यानं बघितलं नाही.

"तुमचा आवाज किती बदलतो हो, मोकळ्यावर," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना?"

आणि त्याचा घसा सुटला.

"हो," तो म्हणाला. "मीच."

मग तो वर पोचेपर्यंत थांबला नाही. दगड आला की दगड म्हणाला, झाड आलं की झाड म्हणाला, काहीच नसलं की बकुळचं नाव घेतलं. त्याच्या बोलण्याखाली दुसरंही एक बोलणं चाललं होतं, संथ, बैलगाडीच्या चालीचं. दोघे एकमेकांच्या मध्ये बोलले नाहीत.

पठारावर खाट लागली. कमळजानं पाणी मागितलं. पोटभर प्यायली.

भोयांनी खाली जाऊन ते सांगितलं, तेव्हा सगळ्यांचं तोंड भिंतीकडून फिरलं. एकामागून एक डोल्या चढू लागल्या. सगळी वाट बोलण्यानं भरून गेली. मामा, काकी, बहीण, भाऊ, जो तो बोलतोय.

फक्त अंबूबाईला कुणी नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, गाव उठून कुठं गेलं तेही तिला ठाऊक नव्हतं. विश्रामच्या हे ध्यानात आलं तेव्हा तो वर होता. तो घाटानं पळत सुटला. तर समोरून तिचीच डोली येत होती, शेवटच्या वळणावर. उशाशी कुणी नाही. म्हातारी मजेत आभाळाकडं बघत होती.

"अंबूबाई! एकटीच आलीस? घाबरली नाहीस?"

"एकटी कशी? माणूस चांगला दिलास की रे, डॉक्टर. सगळी वाट दाखवली त्यानं."

मग तोंड वाकडं करून म्हणाली, "फक्त मला राजा राजा म्हणत होता, मेला! ह्या वयात!"

खंडूनं खांद्यावरचा बांबू सांभाळत विश्रामकडं बघितलं. विश्रामनं खंडूकडं. 

एकही रोगी वाटेत दगावला नाही.

...

दवाखान्याची कौलं एका दुपारी पाण्याखाली गेली. आवाज नाही, काही नाही. होती, आणि मग नव्हती.

वर पठारावर कमळजाचं प्लास्टर कापलं. आधी तिला बसवलं, मग उभं केलं, मग भिंतीला धरून चालवलं. मग भिंत सुटली.

बकुळला आजोळहून आणली. पोर दारात थबकली. तिनं आई बघितली होती ती खाटेवर, आडवी. उभी आई तिनं कधी बघितलीच नव्हती. मान वर करून बघत राहिली.

"आई एवढी उंच आहे?" तिनं बापाला विचारलं.

कमळजानं तिला उचललं आणि कडेवर घेतलं. पोर जड झाली होती. तरी खाली ठेवली नाही.

विश्रामचं घर पुन्हा घर झालं. चुलीवर भात शिजू लागला, तिघांची ताटं मांडली जाऊ लागली.

मठ उंचवट्यावर होता, म्हणून तेवढा मागं राहिला. पण पाणी मठाच्या पायरीलाही लागलं. तेव्हा बुवांना आणायला सगळे निघाले. भोई डोली घेऊन, विश्राम, आणि कमळजा आपल्या पायांनी. बकुळ तिचं बोट धरून.

बुवा थकले होते. डोलीत निमूट आडवे झाले. चादर कमरेपर्यंत. हात मोकळे.

विश्राम त्यांच्या उशाशी लागला. आता त्याला सवय झाली होती. आता त्याला बोलायला काही शोधावं लागत नव्हतं. आपल्याला हे किती चांगलं जमतं, असंही त्याला मनातून वाटत होतं.

"बुवा, ही पायरी. घाबरू नका. आता पाण्याच्या कडेनं चाललोय. चिंचेचा नुसता शेंडा राहिलाय वर. त्यावर बगळा बसलाय. आता चढ लागेल. पुढं कमळ आणि बकुळ चालल्यात, बघा, कमळ किती भरभर चढतेय. आता वळण येईल, मग फरशी..."

वरून बकुळचं हसणं आलं. आई पुढं पळाली होती आणि पोर तिला धरायला धावत होती.

बुवांनी डोळे उघडले. विश्राम उजवीकडं होता. त्यांनी मान डावीकडं वळवली. तिकडं कुणी नव्हतं.

"विश्राम," ते म्हणाले, "जरा गप्प बैस, बाबा. ऐकू येऊ दे."